अडथळ्याची कावीळ: लक्षणे, तपासण्या, स्टेंट आणि ऐकीव उपाय

थोडक्यात महत्त्वाचे

- कावीळ हा आजार नाही, ते लक्षण आहे. ती कशामुळे झाली हे कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही.
- डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके आणि अंगाला खाज, ही चार लक्षणे एकत्र दिसली तर पित्तनलिकेत अडथळा असण्याची शक्यता मोठी असते.
- रक्ताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी एवढ्यावरून कावीळ कोणत्या प्रकारची आहे याचा अंदाज बहुतेक वेळा येतो. या दोन्ही तपासण्या तालुक्याच्या गावीही साधारणपणे होऊ शकतात.
- काविळीसोबत थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आपल्याकडे कावीळ झाली की घरातले, शेजारचे, नात्यातले असे सगळेच एखाद्या गावचे औषध सांगतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो आणि बरे झालेले एखादे माणूसही त्याला ठाऊक असते. पण ज्याची कावीळ त्या औषधाने 'उतरली' त्याची आणि तुमच्या घरातल्या माणसाची कावीळ एकाच प्रकारची आहे का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. स्वादुपिंड, पित्ताशय किंवा पित्तनलिकेच्या कर्करोगात अनेकदा कावीळ हेच पहिले ठळक लक्षण असते. अशा रुग्णाचे तीन-चार आठवडे चुकीच्या उपायात गेले, तर शस्त्रक्रियेची संधीही त्यात जाऊ शकते. म्हणून हा लेख.

## कावीळ म्हणजे काय?

मराठीत 'पित्त झाले' म्हटले की छातीत जळजळ किंवा अंगावर उठलेल्या गांधी डोळ्यांसमोर येतात. इथे पित्त म्हणजे त्यातले काहीही नाही. यकृतात रोज अर्धा ते एक लिटर हिरवट-पिवळा रस तयार होतो, तो पित्तरस. तो बारीक नळ्यांमधून मुख्य पित्तनलिकेत येतो, त्यातला काही भाग पित्ताशयात साठतो, आणि जेवणानंतर लहान आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो.

जुन्या लाल रक्तपेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तरसात मिसळून बाहेर टाकते. निरोगी माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण दर डेसिलिटरला साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असते. ते ३ च्या आसपास गेले की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. हे दिवसाच्या उजेडात पाहावे, ट्यूबलाइटखाली चटकन कळत नाही.

कावीळ ढोबळपणे तीन कारणांनी होते:

- रक्तपेशी जास्त प्रमाणात मोडल्यामुळे, उदाहरणार्थ काही रक्तविकारांत किंवा मलेरियात.
- यकृताला सूज आल्यामुळे, उदाहरणार्थ हिपॅटायटिसचे विषाणू, दारू किंवा काही औषधे.
- यकृतात तयार झालेले पित्त बाहेर पडण्याची वाट अडल्यामुळे. हीच अडथळ्याची कावीळ.

## वाट कशामुळे अडते?

सगळ्यात ओळखीचे कारण म्हणजे पित्ताशयातला खडा सरकून मुख्य नलिकेत अडकणे. यात बहुधा उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात जोराने दुखते.

दुसरे कारण म्हणजे गाठ. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून पित्तनलिकेचा शेवटचा टप्पा जातो, त्यामुळे तिथे लहानशी गाठ झाली तरी नलिका दाबली जाते. नलिकेचा स्वतःचा कर्करोग, नलिका आतड्यात उघडते त्या तोंडाशी झालेली गाठ, पित्ताशयाचा कर्करोग किंवा यकृताच्या मुळाशी वाढलेल्या लसिका ग्रंथी यांमुळेही असेच होते.

प्रत्येक अडथळा कर्करोगाचा नसतो. खड्याखेरीज जुन्या शस्त्रक्रियेनंतर अरुंद झालेली नलिका, क्षयाच्या ग्रंथी किंवा स्वादुपिंडाची एक विशिष्ट प्रकारची सूज यांमुळेही कावीळ होते. ही सूज तपासणीत थेट गाठीसारखी दिसते, पण स्टिरॉइडने बरी होते. म्हणून सोनोग्राफीच्या कागदावर 'गाठ' हा शब्द वाचून घाबरून जाऊ नका, आणि दुखत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका.

## घरच्यांनी कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

लघवी: कोऱ्या चहासारखी गडद. अंतर्वस्त्रांवर पिवळे डाग पडतात.

शौच: शौचाचा नेहमीचा तपकिरी रंग पित्तामुळे येतो. पित्त आतड्यात उतरले नाही की शौच शाडूच्या मातीसारखे फिकट होते. रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत, त्यामुळे विचारावे लागते.

खाज: तळहात-तळपायांपासून सुरू होऊन सर्वांगाला सुटते, रात्री वाढते. पुरळ नसते, फक्त खाजवल्याचे ओरखडे असतात. अनेक रुग्ण आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जातात.

वजन आणि भूक: काही महिन्यांत कपडे सैल होणे, जेवण नकोसे वाटणे, पाठीत शिरणारे दुखणे.

नव्याने आलेला मधुमेह: पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि त्याच सुमारास वजनही उतरले, तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. स्वादुपिंडाच्या आजाराची ती खूण असू शकते.

पोटात गोळा: कावीळ आहे आणि उजव्या बरगडीखाली न दुखणारा गोळा हाताला लागतो, तर कारण खडा असण्याची शक्यता कमी असते. स्विस शल्यविशारद लुडविग कुर्वाझिए यांनी १८९० मध्ये मांडलेले हे निरीक्षण आजही डॉक्टर पोट तपासताना लक्षात ठेवतात.

एक गोष्ट विशेष ध्यानात घ्या. नलिकेच्या तोंडाशी असलेल्या गाठीत कावीळ कमी-जास्त होऊ शकते. गाठीचा थोडा भाग झडला की वाट तात्पुरती मोकळी होते, बिलिरुबिन उतरते, आणि त्या आठवड्यात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते. कावीळ उतरली तरी ती का झाली होती याचे उत्तर मिळेपर्यंत तपासणी अर्धवट सोडू नका.

## ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

अडलेल्या पित्तात जंतू वाढले की ते काही तासांत रक्तात पसरू शकतात. खालीलपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका:

- काविळीसोबत थंडी वाजून, अंग कापून ताप येणे
- रुग्ण गुंगीत जाणे, असंबद्ध बोलणे
- रक्तदाब उतरणे, लघवी खूप कमी होणे
- रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे

ताप पॅरासिटामॉलने उतरला म्हणजे धोका टळला असे नाही. अशा वेळी शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात आणि अडलेले पित्त लवकरात लवकर बाहेर काढावे लागते.

## तपासण्या कोणत्या, आणि कोणत्या क्रमाने?

१. रक्ताची तपासणी. यकृताच्या चाचण्यांत अडथळ्याच्या काविळीत डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज जास्त वाढलेले असते. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी बहुधा शेकड्यांनी, कधी हजारांनी वाढते. रक्त गोठण्याची चाचणीही होते. पित्ताअभावी 'के' जीवनसत्त्व शोषले जात नाही, त्यामुळे रक्त गोठायला वेळ लागू शकतो आणि इंजेक्शन द्यावे लागते.

२. पोटाची सोनोग्राफी. यकृतातल्या नळ्या फुगल्या आहेत का, हे यात कळते. नळ्या फुगलेल्या असतील तर पुढे कुठेतरी वाट अडली आहे असे समजायचे.

३. सीटी स्कॅन. अडथळा नेमका कुठे आहे, गाठ शेजारच्या रक्तवाहिन्यांना चिकटली आहे का आणि यकृतात पसरली आहे का, यावरून शस्त्रक्रिया शक्य आहे की नाही हे ठरते. तातडीचा संसर्ग नसेल तर सीटी स्कॅन स्टेंट टाकण्याआधी करून घेणे चांगले. स्टेंटमुळे आणि त्यानंतर कधी येणाऱ्या सुजेमुळे चित्र धूसर होते. 'आधी स्टेंट टाकू, बाकी नंतर पाहू' असे सुचवले गेले, तर 'सीटी आधी करता येईल का?' हे जरूर विचारा.

४. एमआरसीपी आणि दुर्बिणीतली सोनोग्राफी. एमआरसीपी हा एमआरआयचाच प्रकार आहे, त्यात नलिकांचा नकाशा मिळतो. दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने बारीक गाठ दिसते आणि सुईने तिचा तुकडा घेता येतो.

'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती घरोघरी असते. या पद्धतीत तसे होण्याचा धोका अगदी कमी असतो, आणि केमोथेरपी सुरू करण्याआधी निदान पेशींवरून पक्के होणे आवश्यक असते. याउलट, चित्र स्पष्ट असेल आणि गाठ काढण्याजोगी असेल तर काही वेळा तुकडा न घेता थेट शस्त्रक्रिया करतात. तुमच्या रुग्णात कोणता मार्ग आणि का, हे डॉक्टरांकडून समजून घ्या.

सीए १९-९ बद्दल. या चाचणीचा आकडा नुसत्या काविळीनेही वाढतो. कावीळ असताना आलेल्या मोठ्या आकड्यावरून कर्करोग आहे किंवा तो किती पसरला आहे, असा अर्थ घरी काढू नका.

## पित्ताची वाट मोकळी कशी करतात?

ईआरसीपी. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन नलिकेच्या तोंडातून स्टेंट, म्हणजे बारीक नळी, आत बसवतात. पोटावर काप नसतो. प्लॅस्टिकचा स्टेंट स्वस्त असतो, पण साधारण तीन महिन्यांत गाळाने बुजतो, म्हणून बदलावा लागतो. धातूचा जाळीदार स्टेंट महाग असतो, पण जास्त काळ मोकळा राहतो.

पीटीबीडी. गाठ वर, यकृताच्या मुळाशी असेल किंवा दुर्बीण पोचत नसेल, तर बरगड्यांमधून सुईने यकृतातल्या नळीत नळी घालतात आणि पित्त बाहेर पिशवीत काढतात. पुढे काहींना आतून स्टेंट बसवता येतो.

शस्त्रक्रिया. गाठ काढता येण्याजोगी असेल तर बरे होण्याची खरी संधी इथे असते. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, पित्तनलिकेचा भाग, पित्ताशय आणि आतड्याचा पहिला भाग काढून उरलेले अवयव पुन्हा जोडतात. अमेरिकी सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. जिथे ती वरचेवर होते तिथे मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून 'तुमच्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात?' हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नका.

गाठ काढण्याजोगी नसेल तरीही स्टेंटचा उपयोग असतो. खाज थांबते, झोप लागते, भूक सुधारते, आणि काही केमोथेरपी औषधे सुरू करण्यासाठी बिलिरुबिन जेवढे खाली यावे लागते तेवढे येते.

## प्रत्येकालाच आधी स्टेंट लागतो का?

रुग्ण खूप पिवळा आहे, तर शस्त्रक्रियेआधी कावीळ उतरवून घेणे शहाणपणाचे, असे अनेक वर्षे मानले जात होते. ऐकायला ते पटतेही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिले. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगाची शंका असलेल्या २०२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाची शस्त्रक्रिया आठवडाभरात केली. दुसऱ्या गटाला आधी स्टेंट टाकून चार ते सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया केली. २०१० मध्ये निकाल आला. थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत १०० पैकी ३९ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, तर आधी स्टेंट टाकलेल्यांत १०० पैकी ७४ जणांना. मृत्यूच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक नव्हता.

म्हणजे स्टेंट वाईट का? नाही. त्या अभ्यासात बिलिरुबिन साधारण १४.६ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलेले रुग्ण घेतले नव्हते आणि स्टेंट प्लॅस्टिकचे होते. त्याच देशात पुढे धातूचे स्टेंट वापरून पाहिले तेव्हा स्टेंटच्या तक्रारी कमी झाल्या. आजच्या घडीला साधारण असे ठरवले जाते:

- आधी पित्त काढणे बहुधा गरजेचे: संसर्ग आणि ताप असेल, बिलिरुबिन फार जास्त असेल, असह्य खाज असेल, शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यायची असेल किंवा शस्त्रक्रियेची तारीख लांबची असेल.
- थेट शस्त्रक्रियेचा विचार: ताप नाही, कावीळ मर्यादित आहे, प्रकृती बरी आहे आणि लवकरची तारीख मिळते आहे.

यासाठी शक्यतो पहिला स्टेंट पडण्यापूर्वीच पोटविकारतज्ज्ञ आणि कर्करोग शल्यविशारद या दोघांचेही मत घ्या. थंडी-ताप असेल तर मात्र मतांसाठी थांबू नका.

## ईआरसीपीचे धोके

ईआरसीपीनंतर काही रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते. पोटात जोराने दुखते, क्वचित हा आजार गंभीरही होतो. याशिवाय रक्तस्राव, संसर्ग आणि फार क्वचित आतड्याला छिद्र पडणे हे धोके असतात.

सूज टाळण्यासाठी गुदमार्गे इंडोमेथॅसिन देण्याचा एक स्वस्त उपाय आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ६०२ रुग्णांच्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्यांमध्ये हे औषध न मिळालेल्यांपैकी १६.९ टक्क्यांना सूज आली, तर मिळालेल्यांपैकी ९.२ टक्क्यांना.

हेच आकडे दोन प्रकारे सांगता येतात. 'धोका जवळपास निम्म्याने घटला' आणि 'दर १०० रुग्णांत सात-आठ जण सुजेपासून वाचले'. दोन्ही विधाने खरी आहेत, पण पहिले जास्त प्रभावी वाटते. जाहिरातीत, व्हिडिओत आणि बातमीत बहुतेक वेळा पहिलेच वापरतात. कोणत्याही उपचाराबद्दल 'टक्के कमी झाले' असे ऐकले की 'शंभरातल्या किती जणांना फायदा झाला आणि किती जणांना अपाय?' असे विचारा.

## माळ, नाकातले औषध, हात धुणे: हे उपाय 'लागू' का पडतात?

दूषित अन्नपाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची कावीळ आपल्याकडे नेहमीची आहे. ती बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात जे काही कराल ते लागू पडल्यासारखे दिसणार. काविळीच्या औषधांची ख्याती बरीचशी अशा रुग्णांवर उभी आहे. गरोदर स्त्रिया आणि आधीच यकृताचा आजार असलेल्यांत मात्र हीच कावीळ जिवावर बेतू शकते.

माळ लांबते. देठांचे तुकडे विशिष्ट गाठीने ओवलेले असतात. ते सुकून आक्रसले की गाठी सैल पडतात आणि माळ लांब होते. ती निरोगी माणसाच्या गळ्यातही, खुंटीवर टांगली तरीही लांबते.

हात धुतल्यावर पाणी पिवळे होते. आंब्याच्या सालीचा अर्क आणि चुन्याची निवळी एकत्र आली की पिवळा रंग येतो. बिलिरुबिन त्वचेतून पाण्यात उतरत नाही.

नाकातून पिवळे पाणी येते. नाकात झणझणीत वनस्पतीचा रस टाकला की आतल्या त्वचेचा दाह होऊन स्राव येतो. ते पित्त नसते. नाकाचा आणि पित्तनलिकेचा संबंध नाही.

डाग देणे. यात भाजल्याची जखम होते. कावीळ झालेल्याच्या शरीरात तिला संसर्ग होण्याचा धोका वेगळाच.

पोटात घ्यायच्या झाडपाल्याबद्दल आणखी सावध राहा. 'नैसर्गिक' म्हणजे यकृताला निर्धोक असे नसते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. सहा रुग्णांवरून सगळ्यांसाठी निकाल देता येत नाही हे खरेच, पण यकृत आधीच ताणाखाली असताना घटक माहीत नसलेले औषध घेऊ नये, एवढे त्यातून नक्की घ्यावे. काही घेतले असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. पुडी किंवा बाटली सोबत आणा.

आयुर्वेदिक असो वा ॲलोपॅथिक, कोणतेही 'लिव्हर टॉनिक' गाठीने दाबलेली नलिका उघडू शकत नाही. तुंबलेल्या मोरीत वरून कितीही चांगले पाणी ओतले तरी बोळा निघाल्याशिवाय ती वाहत नाही, तसेच हे.

## मोबाइलवर आलेली माहिती कशी पारखावी?

१९९९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 'डिसर्न' नावाची १६ प्रश्नांची पद्धत प्रसिद्ध केली. उपचारांविषयीची लेखी माहिती किती विश्वासार्ह आहे हे सामान्य वाचकालाही ठरवता यावे, हा तिचा उद्देश. तिच्याच धर्तीवर काविळीचा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे प्रश्न विचारा:

- माहिती कोणी आणि कधी लिहिली, हे दिले आहे का?
- ती कशाच्या आधारावर लिहिली आहे? अभ्यास की एखाद्याचा अनुभव?
- कावीळ कोणत्या प्रकारची हे सांगितले आहे, की 'कोणतीही कावीळ' बरी होते म्हटले आहे?
- फायद्यासोबत तोटेही लिहिले आहेत का?
- काहीच उपचार केला नाही तर काय होईल हे सांगितले आहे का?
- दुसरे पर्याय दिले आहेत, की एकच औषध, एकच पत्ता?
- सांगणाऱ्याला काही विकायचे आहे का?

कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने बंदी आहे. तसा दावा करणारा फलक किंवा पत्रक दिसले तर तेवढ्यावरूनच सावध व्हा.

हेच प्रश्न या लेखालाही लावा. इथली माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या रुग्णाचे रिपोर्ट पाहून त्याला तपासलेल्या डॉक्टरांचे मत तिच्यापेक्षा महत्त्वाचे.

## खाणे-पिणे

हळद, पिवळी डाळ किंवा पपई खाल्ल्याने कावीळ होत नाही आणि वाढतही नाही. तेल-तूप पूर्ण बंद करून नुसत्या उसाच्या रसावर ठेवले तर आधीच खंगलेला रुग्ण आणखी खंगतो. स्वादुपिंडाच्या आजारात साखर वाढलेली असू शकते, अशा वेळी उसाचा रस अपायच करतो. गाड्यावरच्या बर्फातून जंतू जातात ते वेगळे.

पित्त उतरत नसेल तोवर तळलेले सोसत नाही, शौच तेलकट आणि चिकट होते. मऊ भात, वरण, अंडे, मासे, दही, पनीर असे थोडे-थोडे दर दोन-तीन तासांनी द्या. स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडत असतील तर डॉक्टर एन्झाइमच्या कॅप्सूल देतात. त्या जेवताना घ्यायच्या असतात, आधी किंवा नंतर घेतल्या तर उपयोग कमी होतो. बहुतेक एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेली असतात. धार्मिक कारणाने किंवा शाकाहारामुळे अडचण असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

## स्टेंट किंवा नळी घेऊन घरी आल्यावर

- स्टेंट प्लॅस्टिकचा की धातूचा आणि तो कधी टाकला, हे कागदावर लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकचा असेल तर बदलण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.
- खाज काही दिवसांत कमी होते. डोळ्यांचा पिवळेपणा जायला काही आठवडे लागतात.
- थंडी-ताप, पुन्हा गडद लघवी किंवा पुन्हा खाज म्हणजे स्टेंट बुजला असण्याची शक्यता. त्याच दिवशी संपर्क करा.
- बाहेरची पिशवी असेल तर रोज किती पित्त आले आणि त्याचा रंग कसा आहे, हे वहीत लिहा. पित्तासोबत पाणी आणि क्षार जातात, त्यामुळे पाणी किती प्यायचे ते विचारून घ्या. नळी ओढली जाणार नाही याची काळजी घ्या. अचानक पित्त थांबले, रक्त आले किंवा नळी सरकली तर लगेच जा.

## डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. अडथळा कुठे आहे आणि कशाचा असावा?
२. गाठ काढण्याजोगी आहे का? हे कोणत्या तपासणीवरून ठरले?
३. आधी स्टेंट हवाच का? कोणता आणि का?
४. पुढचा टप्पा कोणत्या तारखेपर्यंत व्हायला हवा?
५. ही शस्त्रक्रिया नियमित होणारे जवळचे केंद्र कोणते?
६. खर्च किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, धातूचा स्टेंट बसतो का?

योजनेच्या अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन भरती होण्याआधीच त्यांना भेटा.

## रुग्णाला सांगावे का?

'त्यांना फक्त कावीळ आहे असेच सांगा,' अशी विनंती घरचे अनेकदा करतात. त्यामागे माया असते. पण ज्याला नुसती कावीळ आहे असे वाटते तो शस्त्रक्रियेला का तयार होईल? डोळे निवळले की तो औषध सोडतो, तारीख चुकवतो, गावी निघून जातो. शिवाय उपचारांना संमती त्यालाच द्यायची असते. सगळे एकाच बैठकीत सांगायची गरज नाही. 'तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल?' असे आधी त्यांनाच विचारा आणि तेवढे खरे सांगा. कसे सांगावे हे सुचत नसेल तर डॉक्टरांना सोबत बसायला सांगा, ते आमच्या कामाचाच भाग आहे.

घरात कोणाचे डोळे आज पिवळे दिसत असतील, तर आज यकृताच्या चाचण्यांसाठी रक्त द्या आणि उद्या सोनोग्राफी करून घ्या. रिपोर्टमध्ये नळ्या फुगलेल्या दिसल्या तर त्याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना भेटा.